भोके पाडलेली पेटी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांला ‘वसतिगृहातील शिस्त’ या विषयावर लिहावयास सांगितले होते. त्याप्रमाणे लेख लिहावयास घेतलाही होता. मध्यंतरी एका माजी विद्यार्थ्याचे पत्र आले आणि शिस्तीवरचा तो लेख तिसऱ्या पानावर थांबला, तो थांबलाच. त्याऐवजी हे लिहीत आहोत. संपादकांनी व वाचकांनी क्षमा करावी.

पत्र इंग्लंडमधील लेस्टर शहरातून आलेले. लिहिणारा विद्यार्थी १९९८ साली आपल्याकडे सातवीत होता. आज तिकडे अभियंता आहे, घर-संसार आहे, नऊ वर्षांची मुलगी आहे. या मुलीने वाढदिवसाला साप मागितला आहे. खेळण्यातला नव्हे, जिवंत. तिकडे कॉर्न स्नेक नावाचा अमेरिकेतला एक बिनविषारी साप लोक हौसेने पाळतात, आणि तो पाळण्यास तेथे कायद्याची आडकाठी नाही. घरात आधीपासून एक म्हातारी मांजर आहे आणि एक ससा आहे. या तिघांना एका छपराखाली कसे ठेवावे, हा प्रश्न. सौभाग्यवतींनी अट घातली की, ‘तुमच्या त्या गडबच्या सरांना विचारा, ते हो म्हणाले तर आणू.’ आम्ही सापांचे जाणकार आहोत असा त्या माउलीचा समज कशाने झाला, हे पत्राच्या शेवटच्या ओळीत कळले. विद्यार्थ्याने लिहिले होते: ‘सर, त्या पेटीला भोके पाडण्यासाठी खिळा मी आणला होता. हे तुम्हांला कधी सांगितले नाही.’

ज्या माजी विद्यार्थ्यांना ती पेटी आठवते, त्यांना पुढचे सांगावयास नको. पण पालकांपैकी व गावकऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नाही, आणि आजवर आम्हीही ती हकीकत पूर्ण सांगितलेली नाही. आमच्या वाट्याचा भाग वगळूनच सांगत आलो.

आम्ही १९९५ च्या जूनमध्ये येथे रुजू झालो. वरळीच्या बी. डी. डी. चाळीत वाढलेला, इतिहासात एम. ए. केलेला, पंचविशीचा तरुण. साप म्हणजे काय, तर नागपंचमीला गारुडी टोपली घेऊन चाळीच्या चौकात येई, ते. आमच्या आया-आज्यांनी १९५६ नंतर ती पूजा सोडली होती; आम्ही पोरे मात्र लपून बघावयास जात असू. गारुड्याचा नाग दूध पितो याचे आम्हांला मोठे नवल. तो दिवसेंदिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून समोर येईल ते ओले तोंडात घेतो, दूध त्याला पचत नाही आणि त्याचे दात आधीच उपटलेले असतात, हे फार उशिरा वाचनात आले. एवढ्या शिदोरीवर आम्ही मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला, एका बाजूला खाडीकडची भातखाचरे आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, अशा गावी येऊन वसतिगृहाचे अधीक्षक झालो.

तेव्हाचे वसतिगृह आजच्यासारखे नव्हते. कौलारू छप्पर, मातीच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा, दोन लांब खोल्या आणि त्यांत जमिनीवर सतरंज्या टाकून झोपणारी साठ-बासष्ट मुले. स्वयंपाकघराला लागून धान्याची खोली. तीत तांदळाची पोती, वालाची पोती, आणि या सर्वांचे खरे मालक असावेत अशा रुबाबात वावरणारे उंदीर. भिंतीला टेकून सरपणाची रास. पलीकडे मावशींचे खुराडे, त्यात सात कोंबड्या आणि एक कोंबडा. अंगणात वाघ्या नावाचा कुत्रा, जो नावाला मुळीच जागत नसे. आणि एक करड्या रंगाची मांजर. ती तासाला वर्गावर्गांतून फेरी मारी म्हणून मुलांनी तिचे नाव ‘मोठ्या बाई’ ठेवले होते. आमच्या मुख्याध्यापिकांना हे कळले होते असे आम्हांला वाटते. पण त्या कधी बोलल्या नाहीत.

डोंगराकडच्या कातकरी वाडीवरचा एक मुलगा सातवीत होता. त्याच्या बापाने पेणच्या बाजारातून त्याला पत्र्याची पेटी आणून दिली होती आणि आम्ही नियमाप्रमाणे तिच्यावर ऑइलपेंटने ४१ हा आकडा घातला होता. मुलगा अभ्यासात मध्यम, बोलणे बेताचे. पण परसात पानांची सळसळ झाली की त्याची मान प्रथम वळे. १९९८ च्या जूनअखेरीस, शेताच्या बांधावर कोणी पोरे ढेकळे मारीत होती तेथून, त्याने दीड हात लांबीचा एक साप उचलून आणला आणि आपल्या पेटीत ठेवला. तो तस्कर होता. नाव चोराचे, पण जात अगदी निरुपद्रवी. तपकिरी अंग, शेपटीकडे दोन गडद पट्टे, आहार उंदीर-चिचुंद्र्यांचा. हे नाव तेव्हा आम्हांला माहीत नव्हते. त्याला होते.

साधारण पंधरा दिवस तो साप वसतिगृहात राहिला आणि आम्हांला पत्ता नव्हता. खोलीतल्या चौदा मुलांना मात्र पत्ता होता, आणि चौदाही मुलांनी तो राखला. शिस्तीवरच्या लेखात हे कोठे बसवावे, हे आम्हांला उमगले नव्हते. लेख अडण्याचे तेही एक कारण.

आषाढ पौर्णिमा आली. सायंकाळी वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले, वर्षावासाचे महत्त्व आम्हीच मुलांना समजावून सांगितले. रात्री वीज गेली. कंदील घेऊन फेरी मारताना आम्ही पाहिले, तो ‘मोठ्या बाई’ ४१ क्रमांकाच्या पेटीवर बसून भोकांत पंजा घालीत होत्या. आम्ही पेटी उघडली. पुढचे दृश्य आम्हांला सांगवत नाही, म्हणजे आजवर सांगवत नव्हते. मुले ओरडली, राखणदार मामा काठी घेऊन आले. तो मुलगा पेटीसमोर आडवा झाला आणि म्हणाला, “सर, नका मारू, ह्यो इखारी नाय. उंदरं खातो.” आम्ही त्याला दंडाला धरून बाजूला केले आणि मामांना म्हणालो, “मारा.”

पंचशीलातले पहिले शील उच्चारून तीन तासही झाले नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप पकडणे, पाळणे आणि मारणे हे सर्वच गुन्हे आहेत. म्हणजे गुन्हा त्या मुलाचाही होता आणि आमचाही. मात्र छडी एकालाच मिळाली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, सर्वांसमोर, दोन्ही हातांवर दोन-दोन. पेटी पुरावा म्हणून कार्यालयात आणून ठेवली. आठवडाभराने त्याचा बाप आला. आमच्यासमोर उभा राहून तो शांतपणे म्हणाला, “साहेब, पोर चुकला तर त्याला मारलात, ठीक हाय. किरडू कशाला मारला?” आणि पोराला घेऊन गेला. कपडे फडक्यात बांधून नेले. पेटी मागितली नाही. आम्हीही दिली नाही.

त्याच दिवसांत दहावीतल्या एका मुलाने इतिहासाच्या तासाला प्रश्न विचारला होता: “सर, आपण नागवंशी ना? मग आपण साप मारायचा का?” प्रश्न खोचक होता आणि आम्ही विद्वत्तेच्या आड लपलो. परमपूज्य बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथातही त्यांनी नाग ही एक मानवी जमात असल्याची मांडणी केली. नाग म्हणजे सरपटणारा प्राणी नव्हे, माणसे, असे आम्ही त्या मुलाला सांगितले. उत्तर बरोबरच होते. पण त्याने विचारले होते वेगळेच.

त्याला खरे उत्तर द्यायचे तर अजिंठ्याला न्यायला हवे होते. तेथील एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागाशी डावीकडे नागराज आणि त्याची राणी शांतपणे बसलेली आहेत. बोधीनंतरच्या आठवड्यांत अकाली पाऊस आला तेव्हा मुचलिंद नागाने तथागतांवर फणा धरल्याची कथा तर घरोघरच्या तसबिरींत आहे. याहून महत्त्वाचे आम्हांला वाटते ते अंगुत्तर निकायातले एक छोटेसे सूत्र. श्रावस्तीला एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावला, तेव्हा भगवंतांनी सापांची चार राजकुले सांगितली, विरूपक्ख, एरापथ, छब्यापुत्त आणि कण्हागोतमक, आणि या चारही कुलांविषयी मैत्रीभाव बाळगावयास सांगितले. आम्ही बुद्धिवादी माणूस आहोत. मैत्रीने विष उतरत नाही हे आम्हांला कळते, आणि सर्पदंश झालेल्या कोणी पालकाने परित्राण पाठ करीत घरी थांबू नये हे येथे स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. पण त्या सूत्राकडे असेही पाहता येते की भिक्खू अरण्यात राहत, जमिनीवर निजत, आणि साप त्यांच्या शेजारी राहणारच होते. शेजाऱ्याशी कसे राहावे, हा तो प्रश्न होता. आमची साठ मुलेही जमिनीवरच निजत होती.

सप्टेंबरातली गोष्ट. भात निसवले होते, उंदीर वाढले होते. एका रात्री दोनच्या सुमारास पाचवीतला एक मुलगा पोट दुखते म्हणून उठला. त्या दिवशी जेवणात वालाचे बिरडे होते, पोराने दोनदा घेतले होते. आम्ही ओवा आणि कोमट पाणी देऊन निजवले. पहाटे पाचला तो पुन्हा आला तो आपणहून नव्हे, शेजारच्या मुलाने आणला. त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या. बोलणे नाकातून येत होते, तोंडातली लाळ गिळता येत नव्हती. अंगावर कोठे जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. मावशी चुलीपाशी होत्या, त्यांनी हातातले टाकून त्याचा चेहरा एकदा पाहिला आणि म्हणाल्या, “सर, याला पान लागलंय.”

मण्यार अशीच चावते. रात्री, निजलेल्या माणसाला, पांघरुणाच्या उबेला येऊन. दंश कित्येकदा जाणवतही नाही, खूण दिसत नाही, आणि पहिले लक्षण पोटदुखीचे असते. तिचे विष मज्जातंतूंवर काम करते: आधी पापण्या, मग घसा, मग छातीचे स्नायू. आमचे तीन तास ओव्यात गेले होते.

महामार्गावर एक मालट्रक थांबवून मुलाला रुग्णालयात नेले. कोणत्या, ते येथे महत्त्वाचे नाही. लस होती, ती शिरेतून दिली गेली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी ही एकच लस घोड्यांच्या रक्तापासून तयार होते, आणि परळच्या हाफकीनमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहे. पण मण्यारीच्या विषाने एकदा स्नायू लुळे पडले की लस दिल्यावरही ते लगेच हलत नाहीत. मधल्या काळात रुग्णाचा श्वास कोणीतरी चालू ठेवावा लागतो. तेथे यंत्र मोकळे नव्हते. डॉक्टरांनी घशात नळी घातली, तिला रबरी फुगा जोडला आणि आमच्या हातात दिला. दाबायचा, सोडायचा, तुमचा श्वास जसा चालतो तसा, एवढेच सांगितले. दोन दिवस आणि तीन रात्री आम्ही, मुख्याध्यापिका, राखणदार मामा आणि मुलाचा बाप यांनी पाळीपाळीने तो फुगा दाबला. ज्या हाताने मामांनी साप मारला आणि ज्या हाताने आम्ही छडी मारली, तेच हात होते. हे तेव्हा सुचले नाही, तेव्हा फक्त मोजणे चालू होते. चौथ्या दिवशी सकाळी पोराने पायाचा अंगठा हलविला.

तो मुलगा आज पेणला दुकान चालवितो. स्मरणिकेला त्याने जाहिरातही दिली आहे.

मण्यार गुंडाळलेल्या सतरंजीत सापडली. काळीभोर, अंगावर बारीक पांढरे जोडपट्टे. दोन-तीन मुले म्हणाली की हा कवड्या आहे, आणि चूक सहज होण्यासारखी आहे म्हणून फरक येथे लिहून ठेवतो: कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे उलट, डोक्याकडे पुसट किंवा नसतातच आणि शेपटीकडे ठळक. अर्थात हा फरक दोन पावले मागे उभे राहून पाहावा. हाताळून पाहू नये.

तस्कर मारला म्हणून उंदीर वाढले आणि उंदीर वाढले म्हणून मण्यार आली, असे आमचे काही सहकारी नंतर म्हणू लागले. गोष्ट सांगावयास हे फार सोयीचे आहे. पण दीड हाताच्या, पेटीत कोंडलेल्या एका सापाने वसतिगृहाचे किती उंदीर खाल्ले असते? एकामागोमाग दोन घटना घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे इतिहासाच्या पहिल्या तासाला आम्ही शिकवितो. जे निश्चित सांगता येते ते एवढेच: आमच्या आवारात साप ओळखणारा एकच माणूस होता, वय वर्षे बारा, आणि त्याला आम्ही घालवून दिले होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वाडीवर गेलो. चढ मोठा नाही, पण आम्हांला तो फार वाटला. बाप घरी होता. आम्ही काय बोललो ते आठवत नाही. क्षमा हा शब्द उच्चारला की नाही याचीही खात्री नाही, आणि नसेल उच्चारला तर ते आमचे आणखी एक उणे. मुलगा मात्र आमच्याबरोबर दोन दिवसांसाठी खाली आला.

त्या दोन दिवसांत त्याने आवार हिंडून दाखविले. आम्ही वही घेऊन मागे, आणि तो पुढे. सरपण भिंतीला का टेकविले, असे त्याने विचारले. ते सगळे कुंपणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेले. उंदरांची बिळे त्याने काठीने दाखविली, ती खडी आणि सिमेंट घालून बुजविली. मोऱ्यांच्या तोंडाला जाळी बसविली. धान्य पोत्यांतून पत्र्याच्या पिंपांत गेले. मावशींच्या खुराड्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला. कोंबड्यांचे सांडलेले दाणे उंदीर खातात, उंदरांमागून साप येतो, आणि साप अंड्यांनाही तोंड लावतो, असे त्याचे म्हणणे. खुराडे कमरेइतक्या उंचीवर चढले, खाली तारेची जाळी आली आणि दाणे सांजेला झाडून काढण्याचे काम सहावीकडे गेले. वाघ्याला रात्री खोलीच्या दाराशी बांधायचे नाही, मोकळा ठेवायचा. ‘मोठ्या बाईं’ना मात्र रात्री आत घ्यायचे, कारण मांजर साप मारते असे लोक म्हणतात, पण ती अर्धमेला साप उचलून निजलेल्या पोरांतही आणून टाकते. हे त्याने पाहिलेले होते.

खाटांची गोष्ट त्याने काढली नाही. त्याच्या घरी खाट नव्हती. ती आम्ही वाचून काढली. जमिनीपासून उंच निजणे आणि मच्छरदाणीची कड गादीखाली घट्ट खोचणे, या दोन गोष्टींनी मण्यारीचा बहुतेक धोका जातो. साठ लोखंडी खाटांसाठी समाजबांधवांकडून वर्गणी जमविण्यास दोन वर्षे लागली. देणगीदारांच्या यादीत तेव्हा ज्यांची नावे होती, त्यांनी आपण नेमके कशासाठी पैसे दिले ते आज येथे वाचावे.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो मुलगा शेताच्या बांधाकडच्या कोपऱ्यात थांबला आणि म्हणाला, “आन ही जागा त्यांना सोडा.” तेथे त्याने जुन्या चौथऱ्याचे दगड रचून ढीग केला, मध्ये फटी ठेवल्या, वर पालापाचोळा, आणि बाजूला फुटक्या माठाचे खापर पाण्याने भरून ठेवले. आत साप ठेवायचा नाही, आणायचा नाही. ते आपणहून येतील आणि आपणहून जातील. तेथे मुलांनी खेळायचे नाही. ‘पलीकडचे वसतिगृह’ हे त्या ढिगाचे नाव मुलांनी पाडले आणि आजही तेच आहे. तेथे एक धामण राहते, सात फुटांच्या आतबाहेरची; बहुधा तिच्याही दोन-तीन पिढ्या झाल्या असाव्यात. पावसाळ्यात दिवड दिसतो. कोंबड्यांची अंडी वर्षातून दोन-चार जातात. मावशींनी आरंभी तक्रार केली, मग ती घरपट्टी समजून सोडून दिली. १९९८ नंतर वसतिगृहात सर्पदंश झालेला नाही.

आपल्या आवारापुरते हे ठीक झाले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने मेली असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले ते २०१७ साली. दुर्लक्षित कोणाकडून, हे सांगावयास नको. अनवाणी भातलावणी करणारे आणि जमिनीवर निजणारे कोण आहेत, हे या स्मरणिकेच्या वाचकांना ठाऊक आहे. आपल्याच जिल्ह्यात महाडला बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडते हे दाखवून दिले आणि मरणारी पोरे वाचविली. महाडचे नाव आपण दुसऱ्या कारणाने घेतो. या कारणानेही घ्यावे.

आता लेस्टरच्या पत्राकडे. आम्ही तज्ज्ञ नाही, हे प्रथम कळविले. मग त्याने स्वतःच वाचून काढलेली जी यादी पाठविली होती तीवर विचार केला. सापाची काचपेटी हवा खेळती राहील अशी, पण झाकणाला कडी असलेली हवी. साप फटीतून निसटण्यात पटाईत असतो. एक बाजू उबदार, दुसरी गार, म्हणजे त्याला हवे तेथे त्याने जावे. दोन्हीकडे लपावयास आडोसा. पाण्याचे भांडे. खाली कोरडे अंथरूण. पेटी ज्या खोलीत, तिचे दार मांजरीला बंद. ऊब लागते म्हणून मांजर झाकणावर चढून बसते आणि साप भयाने खाणे सोडतो. ससा वेगळ्या खोलीत, कारण जवळ भक्षकाचा वास असला की तो घाबरून राहतो. खाणे मेलेल्या उंदराचे, इतर प्राण्यांच्या नजरेआड. हाताळल्यावर साबणाने हात धुणे. आणि हा पाहुणा पंधरा-वीस वर्षे राहणार, मुलगी महाविद्यालयात गेली तरी तो घरातच असणार.

यादी वाचून आम्ही कार्यालयामागच्या अडगळीच्या खोलीत गेलो. ४१ क्रमांकाची पेटी तेथेच होती. झाकण उघडून खिडकीशी आणली. दोन्ही बाजूंना वरच्या कडेलगत खिळ्याने पाडलेली भोके, एका रेषेत, प्रत्येक बाजूस नऊ. आतल्या बाजूने धार लागू नये म्हणून दगडाने ठोकून सपाट केलेली. कडीला सुतळीचा दुहेरी फास. तळाला भाताच्या पेंढ्याचा भुगा अजून होता. एका टोकाला कौलाचा तुकडा आडवा, दुसऱ्या टोकाला दुसरा. मध्ये करवंटी. त्या खोलीच्या खिडकीतून सकाळी ऊन कोठवर येई ते आम्हांला आठवते: पेटीच्या अर्ध्यावर.

पंधरा दिवस तो साप त्यात होता, आणि पेटीतले त्याचे घर बारा वर्षांच्या मुलाने कोणतेही पुस्तक न वाचता केले होते. रानातला साप पेटीत ठेवू नये हे खरेच, कायदाही तेच सांगतो, आणि त्याने विचारले असते तर आम्हीही तेच सांगितले असते. पण आम्ही पेटी उघडली तेव्हा आत काय आहे ते पाहिलेच नव्हते.

आम्ही लेस्टरला कळविले की, साप आणण्यास हरकत नाही. दुकानात जन्मलेला आणावा, रानातून धरलेला नको. सुटीत मुलीला घेऊन गडबला यावे, ‘पलीकडचे वसतिगृह’ लांबून दाखवू. भारतात कोणी माजी विद्यार्थी हे वाचून हौस करू इच्छीत असेल तर येथला कोणताही रानातला साप घरी ठेवता येत नाही, आणि परदेशी जातींसाठीही नोंदणीचे नियम २०२४ पासून लागू आहेत, हे ध्यानात ठेवावे. घरात साप निघाला तर वन विभागाला अथवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे.

त्याने पत्रात आणखी एक विचारले होते: ‘सर, तो कोठे असतो?’ याचे उत्तर आम्हांला देता आले नाही. दोन दिवस खाली राहून तो परत गेला; पुन्हा शाळेत ये म्हणालो तेव्हा तो हसला. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याचे कुटुंब वीटभट्टीवर गेले, आणि पुढच्या वर्षी वाडीवर त्यांचे घर नव्हते. दुसऱ्या कोणत्या तरी भट्टीवर, कोणी म्हणे कर्जतकडे, कोणी म्हणे भिवंडीकडे. आम्ही दोन-तीनदा चौकशी केली. नेटाने केली असे म्हणवत नाही. आज तो चाळिशीचा असेल.

त्या खोलीतल्या चौदा मुलांपैकी, किंवा त्या वाडीवरच्या कोणाला त्याचा ठावठिकाणा माहीत असल्यास शाळेच्या कार्यालयात कळवावे. पेटी पुसून ठेवली आहे. भोके तशीच आहेत, आकडाही तसाच आहे. ती त्याची आहे, आणि ती घेऊन आम्ही स्वतः जाऊ.